स्वीडनची बुलबुल : जेनी लिंड हिचें चरित्र

ज्युबिलीच्या स्मारकपुस्तिकेंत पूर्वजांचीं व उपकारकर्त्यांचीं चरित्रें छापण्याचा प्रघात आहे. त्यांच्या पंक्तींत आम्ही एका परदेशी गायिकेचें चरित्र बसवीत आहों, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या गांवांत सणावारीं मुलांच्या कंठांतून गाणें निघतें, आणि ज्या गांवांतील आईबाप आपल्या मुलाचा गळा पाहुण्यांपुढें मोठ्या कौतुकानें दाखवितात, त्या गांवास हें चरित्र उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. मूल चांगलें गाऊं लागलें कीं त्याच्याभोंवतीं अनेक हात पुढें येतात. कोणाचे टाळ्या वाजविण्यासाठीं, कोणाचे शिकविण्यासाठीं, तर कोणाचे मिळकत मोजण्यासाठीं. हा गळा नेमका कोणाचा, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. जेनी लिंड हिच्या आयुष्यांत हा प्रश्न नवव्या वर्षीं उभा राहिला, आणि त्याचें उत्तर देण्यास तिला वीस वर्षें लागलीं. त्या उत्तराची ही हकीकत आहे.

जेनीचा जन्म ता. ६ ऑक्टोबर १८२० रोजीं स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें झाला. बाप निक्लास लिंड हा हिशेबनीस होता. त्याच्यावर संसाराचा भार टाकून स्वस्थ बसावें असा तो गृहस्थ नव्हता. आई ॲन-मेरी फेलबोर्ग ही घरींच मुलींची शाळा चालवी. तिचा पहिला विवाह घटस्फोटानें संपला होता. परंतु पहिला पति जिवंत असतांना दुसरें लग्न करणें तिच्या मनास पटेना. तो १८३४ सालीं वारला, आणि त्यानंतर जेनीच्या आईबापांचें लग्न लागलें. त्या वेळीं जेनी चौदा वर्षांची होती. अशा मुलाचा जन्म त्या काळीं घरास ओझें वाटे. तान्ह्या जेनीला स्टॉकहोमजवळच्या एका खेड्यांत, तेथील देवळांत ऑर्गन वाजविणाऱ्या कारकुनाच्या घरीं ठेवण्यांत आलें, आणि आयुष्याचीं पहिलीं कांहीं वर्षें तिनें तेथेंच काढलीं. पुढें ती शहरांत परत आली. तिची आजी विधवांसाठीं असलेल्या आश्रमांत राहत असे. तेथें जेनीला खरी माया मिळाली.

या आश्रमाच्या खिडकींत बसून नऊ वर्षांची जेनी आपल्या मांजराला गाणीं म्हणून दाखवी. रस्त्यानें जाणारे येणारे थबकून ऐकत. त्यांत राजकीय नाटकगृहांतील लुंडबर्ग नांवाच्या नर्तकीची मोलकरीण होती. तिनें घरीं जाऊन ही गोष्ट मालकिणीच्या कानांवर घातली. नर्तकीनें मुलीला बोलावून घेतलें, तिचें गाणें ऐकलें, आणि नाटकगृहांतील गायनशिक्षक क्रेलियस यांच्याकडे पाठविलें. क्रेलियस तिला घेऊन नाटकगृहाचे प्रमुख काउंट पुके यांच्याकडे गेले. एवढ्याशा पोरीला घेऊन काय करावयाचें, असें वाटून काउंटनें प्रथम नकार दिला. परंतु तिचें गाणें ऐकल्यावर त्याचें मन पालटलें. करार असा ठरला कीं, तिचें अन्न, वस्त्र, निवारा व शिक्षण यांचा खर्च नाटकगृहानें करावा, आणि मोठेपणीं तिनें नाटकगृहाची चाकरी करून तो फेडावा. १८३० सालीं तिनें रंगभूमीवर पाऊल ठेवलें.

आईबापांच्या डोक्यावरील खर्चाचा भार उतरला, नाटकगृहाला एक होतकरू मुलगी मिळाली, आणि मुलीला शिक्षण मिळालें. वरवर पाहतां यांत सर्वांचेंच कल्याण होतें. आम्हीही तो करार वाईट होता असें म्हणत नाहीं. त्याच्यावांचून जेनी ही जेनी झाली नसती. परंतु त्या दिवसापासून तिचा गळा हें एक कर्ज झालें, आणि गाणें हा त्या कर्जाचा हप्ता झाला. नऊ वर्षांच्या मुलीनें मांजरासाठीं गाणें वेगळें, आणि देणें फेडण्यासाठीं गाणें वेगळें. प्रेक्षकांना हा भेद दिसत नाहीं, पण गळ्याला तो पुढेंमागें कळतोच.

आणि झालेंही तसेंच. बाराव्या वर्षाच्या सुमारास जेनीचे वरचे सूर एकाएकीं नाहींसे झाले. लहान वयांत भार पडल्यानें कोंवळा कंठ थकला होता. कांहीं काळ गायनाचें शिक्षण थांबवावें लागलें. ती बोलक्या नाटकांतून भूमिका करीत राहिली. कांहीं वर्षांनीं गेलेले सूर परत आले. ता. ७ मार्च १८३८ रोजीं वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या संगीतनाटकांत तिनें आगाथेची भूमिका केली, आणि त्या एका रात्रींत सारें स्टॉकहोम तिचें झालें. हा दिवस ती पुढें जन्मभर आपला दुसरा जन्मदिवस म्हणून पाळी. विसाव्या वर्षीं ती राजदरबारची गायिका व राजकीय संगीत अकादमीची सभासद झाली.

येथेंच एखाद्या सामान्य चरित्राचा शेवट गोड झाला असता. परंतु जेनीला मनांतून ठाऊक होतें कीं आपण ज्या पायावर उभ्या आहों तो पोकळ आहे. भूमिकेमागून भूमिका, रात्रीमागून रात्र असें सतत गाऊन तिचा आवाज पुन्हां बसूं लागला होता. मधल्या पट्टींतील सूर घोगरे झाले, श्वास पुरेनासा झाला. लोक टाळ्या वाजवीत होते, आणि जिला टाळ्या मिळत होत्या ती मात्र चिंतेंत होती. तेव्हां तिनें स्वीडनच्या निरनिराळ्या गांवीं गाऊन प्रवासापुरते पैसे जमविले, आणि १८४१ सालीं ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया यांच्या दारीं गेली.

गार्सिया हे त्या काळचे सर्वांत नामांकित गायनगुरु. मनुष्याचा आवाज कसा उत्पन्न होतो याचा त्यांनीं शास्त्रीय अभ्यास केला होता, आणि पुढें १८५४ सालीं लहान आरशाच्या साह्यानें त्यांनीं जिवंत मनुष्याच्या स्वरतंतूंचें निरीक्षण करून दाखविलें. त्यांनीं जेनीचें गाणें ऐकलें आणि निदान सांगितलें : आवाज झिजला आहे, प्रथम कित्येक आठवडे मुळींच गाऊं नये, शक्य तितकें बोलूंही नये, मग पाहूं. जिनें दहाव्या वर्षापासून गाण्याखेरीज दुसरें कांहीं केलें नव्हतें, तिला ही शिक्षा केवढी वाटली असेल! परंतु तिनें ती अक्षरशः पाळली. या मुदतीनंतर गार्सियांनीं तिला पुन्हां मुळापासून शिकविलें. श्वास कोठें घ्यावा, किती जपून सोडावा, एक सूर दुसऱ्यास कसा जोडावा, याचे धडे राजदरबारची ही गायिका लहान मुलीप्रमाणें हळूहळू गिरवूं लागली. वर्षभरानें ती स्वीडनला परतली तेव्हां तिचा आवाज पूर्वीहून मोठा, स्वच्छ व लवचिक झाला होता.

वाचकांनीं हा प्रसंग विशेष लक्षांत ठेवावा अशी आमची विनंति आहे. मनुष्याच्या गळ्यांत दोन नाजूक घड्या असतात. श्वासाच्या झोतानें त्या थरथरतात व त्यांतून सूर निघतो. ताणून ओरडल्यानें त्या सुजतात, आणि सूज असतांनाही गाणें चालूं ठेवल्यास त्यांवर गांठी धरतात. मुलांच्या या घड्या आंखूड व कोंवळ्या असतात, आणि वयांत येतांना मुलगे व मुली या दोघांचाही आवाज बदलतो. अशा वेळीं विश्रांति हेंच पहिलें औषध होय. जेनीचा आवाज दोनदां गेला व दोनदां परत आला, हें तिचें भाग्य. ज्यांचा एकदां जाऊन पुन्हां आलाच नाहीं, अशांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं.

यानंतर तिच्या कीर्तीस सीमा राहिली नाहीं. १८४३ सालीं ती डेन्मार्कला गेली. मुलांच्या गोष्टींचा प्रसिद्ध लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन तिच्यावर मोहित झाला. तिनें त्याला बंधुभावापलीकडे कांहीं दिलें नाहीं. पण त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेली त्याची बुलबुल पक्ष्याची गोष्ट तिच्यावरूनच सुचली असें मानतात. खरा बुलबुल आणि किल्लीचा बुलबुल यांची ती गोष्ट आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. ‘स्वीडनची बुलबुल’ हें नांव तिला जगानें दिलें. १८४४ सालीं तिनें बर्लिन जिंकलें. लाइप्सिक येथें संगीतकार मेंडेल्सझोन याचा स्नेह तिला लाभला. ता. ४ मे १८४७ रोजीं ती लंडनच्या रंगभूमीवर आली, तेव्हां प्रेक्षकांत राणी व्हिक्टोरिया स्वतः हजर होती.

एवढी कीर्ति मिळविणारी ही स्त्री कायद्यानें मात्र अज्ञान समजली जात असे, हें आजच्या वाचकांस खरें वाटणार नाहीं. त्या वेळच्या स्वीडनच्या कायद्यानुसार अविवाहित स्त्री, मग तिचें वय कांहींही असो, पालकाच्या ताब्यांत असे. हा निर्बंध १८५८ सालापासून सैल होऊं लागला. तेव्हां जेनीनें न्यायाधीश मुन्थे या सज्जन गृहस्थांस आपले पालक नेमून घेतलें व पैशांचा सारा कारभार त्यांच्या हातीं दिला. आईबापांसाठीं तिनें घर घेऊन दिलें व त्यांच्या पोटापाण्याची सोय केली. मुलीनें आपलें कर्तव्य केलें. पण दूर ठेवलेल्या मुलाच्या मनांत जो दुरावा राहतो तो कोणत्याही घरानें भरून निघत नाहीं.

मेंडेल्सझोन १८४७ सालीं अकालीं वारला. त्यानें ‘एलाया’ या आपल्या रचनेंतील उंच स्वरांचा भाग जेनीचा आवाज मनांत धरून लिहिला होता. दुःखाच्या भरांत वर्षभर तिला तो गाववेना. १८४८ च्या डिसेंबरांत तिनें लंडनला ती संपूर्ण रचना गायिली, आणि त्यांतून आलेल्या सुमारें एक हजार पौंडांतून मेंडेल्सझोनच्या नांवें एक शिष्यवृत्ति उभी राहिली. १८५६ सालीं ती प्रथम मिळाली तो आर्थर सलिव्हन हा चौदा वर्षांचा मुलगा. तोही लहानपणापासून गाणाराच. पुढें तो इंग्लंडचा मोठा लोकप्रिय संगीतकार झाला. १८४९ च्या जानेवारींत नॉरिच शहरीं तिनें गायन केलें, आणि त्याचें उत्पन्न गरिबांसाठीं दिलें. त्या पैशांतून १८५४ सालीं आजारी मुलांचें रुग्णालय उघडलें. ब्रिटनमधील मुलांच्या अगदीं पहिल्या रुग्णालयांपैकीं तें एक होय, आणि तेथील मुलांचा विभाग आजही जेनी लिंडच्या नांवानें ओळखला जातो.

ता. १० मे १८४९ रोजीं जेनीनें रंगभूमीचा निरोप घेतला. तिचें वय त्या वेळीं अवघें अठ्ठावीस. आवाज ऐन भरांत. युरोपांतील कोणतेंही नाटकगृह तिला मागेल ती रक्कम द्यावयास तयार. राणीपासून रस्त्यावरच्या मनुष्यापर्यंत सर्वांस हळहळ वाटली. नाटकी जीवन तिच्या धर्मबुद्धीस रुचत नव्हतें हें एक कारण खरें. परंतु आम्हांस त्यामागें दुसरेंही कारण दिसतें. नवव्या वर्षीं नाटकगृहाशीं जो करार झाला तो तिनें केलेला नव्हता. तो मोडण्याचा अधिकार मात्र तिनें स्वतः मिळविला. वीस वर्षें दुसऱ्यांनीं सांगितलें तेथें ती गायिली. यापुढें कोठें गावें व कशासाठीं गावें हें तिनें ठरविलें.

आणि लगेच तिची कसोटी लागली. अमेरिकेंत फिनियस बार्नम नांवाचा एक तमाशे दाखविणारा धनिक होता. न्यूयॉर्कला त्याचें अद्भुत वस्तूंचें संग्रहालय होतें. चार वर्षांच्या एका ठेंगण्या मुलाला, त्याचें वय अकरा सांगून, ‘जनरल टॉम थम’ या नांवानें लोकांपुढें उभें करून त्यानें अमाप पैसा मिळविला होता. या बार्नमनें जेनीचें गाणें कधीं ऐकलेंही नव्हतें. तिची कीर्ति तेवढी ऐकली होती, आणि व्यापारास त्याला तेवढी पुरेशी होती. त्यानें दीडशें मैफलींस प्रत्येकीं एक हजार डॉलर व सर्व खर्च, असें देणें कबूल केलें. जेनीनें तें ऐकून हुरळून न जातां सारी रक्कम आगाऊ लंडनच्या पेढींत ठेवण्याची अट घातली, आणि धर्मार्थ गाण्याची मोकळीक कागदावर लिहून घेतली. बार्नमला १ लाख ८७ हजार ५०० डॉलर आधींच मोजावे लागले. आपल्या गळ्याचा करारनामा या वेळीं तिनें स्वतः वाचला होता.

ता. १ सप्टेंबर १८५० रोजीं तिची आगबोट न्यूयॉर्कच्या धक्क्यास लागली. बार्नमनें वर्तमानपत्रांतून सहा महिने अशी हवा तयार केली होती कीं, जिचा एक सूरही अमेरिकेनें ऐकला नव्हता तिला पाहण्यास हजारों लोक लोटले. पहिल्या मैफलीच्या तिकिटांचा लिलांव झाला. एका टोपीवाल्यानें पहिलें तिकीट २२५ डॉलरांस घेतलें, आणि त्या जाहिरातीवर आपल्या टोप्या खपविल्या. हातमोजे, टोप्या, पियानो, पलंग, सर्वांस तिचें नांव देण्यांत आलें. एका जातीच्या लांकडी पलंगास तर अमेरिकेंत अजूनही जेनी लिंड म्हणतात. आजच्या लोकप्रिय गायकांभोंवतीं जो बाजार भरतो, त्याची पहिली मोठी जत्रा ही होय. ता. ११ सप्टेंबर रोजीं कॅसल गार्डन येथें ती प्रथम गायिली, आणि आपल्या वांट्याचे सुमारें दहा हजार डॉलर तिनें न्यूयॉर्कमधील धर्मादाय संस्थांस वांटून दिले. धूर्त बार्नमनें हें औदार्यही जाहिरातींत घातलें.

सुमारें नऊ महिने हा दौरा चालला. बॉस्टन, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, हवाना, न्यू ऑर्लिन्स अशीं शहरें झालीं. बार्नमनें पुढें छापलेल्या हिशेबाप्रमाणें जेनीच्या हातीं सुमारें १ लाख ७६ हजार डॉलर पडले, आणि बार्नमकडे ५ लाखांहून अधिक राहिले. यांतील आपल्या पैशांचा मोठा भाग तिनें स्वीडनमधील गरीब मुलांच्या शाळांसाठीं राखून ठेवला. परंतु लिलांव, गर्दी, ढोल आणि तिकिटांचा काळाबाजार यांचा तिला वीट आला. १८५१ च्या जूनमध्यें कराराप्रमाणें भरपाई देऊन ती बार्नमपासून वेगळी झाली, आणि पुढचें वर्षभर स्वतःच्या जबाबदारीवर गात राहिली. प्रेक्षक कमी झाले, मिळकत कमी झाली. तिनें त्याची तमा बाळगली नाहीं. ता. ५ फेब्रुवारी १८५२ रोजीं बॉस्टन येथें तिनें आपल्या साथीचा पियानोवादक ऑटो गोल्डश्मिट याच्याशीं विवाह केला. तो तिच्याहून नऊ वर्षांनीं लहान, शांत व विद्वान असा गृहस्थ होता. त्याच वर्षीं दोघें युरोपांत परतलीं.

पुढचीं पस्तीस वर्षें पहिल्या बारा वर्षांहून कमी गाजलीं, परंतु आमच्या मतें तीं कमी मोलाचीं नव्हतीं. तीन मुलें झालीं. कांहीं काळ ड्रेस्डेनला व नंतर कायमचें इंग्लंडांत घर झालें. ती अधूनमधून, बहुधा धर्मार्थ, गात असे. ता. २६ एप्रिल १८७६ रोजीं तिच्या पतीच्या नेतृत्वाखालीं लंडनच्या बाख गायकवृंदानें बाखचा बी-मायनर मिस्सा सादर केला. त्या वृंदांतील स्त्रियांचे आवाज जेनीनें तयार केले होते, आणि ती स्वतः इतरांबरोबर रांगेंत उभी राहून गायिली. जिच्या एका तिकिटास लिलांवांत शेंकडों डॉलर पडले होते, ती आपला सूर इतरांच्या सुरांत मिळवून उभी होती! प्रत्येक गायनवृंदानें हें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें. १८८३ सालीं लंडनचें रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झालें, तेव्हां ती तेथें गायनाची अध्यापिका झाली. शिस्तीच्या बाबतींत ती फार कडक होती, आणि मुलींचे गळे घाईनें ताणण्याच्या ती विरुद्ध होती.

ती दोषरहित होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिचा स्वभाव तापट होता. अनोळखी माणसांवर ती सहज विश्वास टाकीत नसे. भेटीस आलेल्या कित्येकांस तिचें बोलणें तुटक वाटे. कीर्तीची तिला भीति वाटे, आणि त्या भीतीमुळें कधीं कधीं ती भल्यांनाही दूर लोटी. परंतु जिच्याकडे लहानपणापासून प्रत्येकजण कांहींतरी मागण्यासाठींच आला, तिनें दार अर्धेंच उघडलें तर तिला आम्ही फार दोष देणार नाहीं.

ता. २ नोव्हेंबर १८८७ रोजीं इंग्लंडांतील माल्व्हर्न टेंकड्यांवरील आपल्या घरीं तिचा अंत झाला. आपल्या संपत्तीचा मोठा भाग तिनें स्वीडनमधील गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं ठेवला. १८९४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत, संगीतकार हँडेलच्या पुतळ्याखालीं तिचें स्मारक बसविण्यांत आलें. स्वीडननें १९९६ सालीं काढलेल्या पन्नास क्रोनांच्या नोटेवर तिचें चित्र छापलें. ती नोट २०१६ सालीं चलनांतून गेली.

तिच्या आवाजाचें एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. ज्या सुरासाठीं माणसें धक्क्यावर चेंगरलीं, तो सूर कसा होता हें आतां कोणासही ऐकतां येणार नाहीं. राहिलें तें एवढेंच : नॉरिचला आजाऱ्या मुलांच्या खाटा, एक शिष्यवृत्ति, आणि शिकून पुढें गेलेलीं गरिबांचीं मुलें. गळा हा मनुष्याला वापरावयास दिलेला ठेवा आहे. तो आईबापांचा नव्हे, मालकाचा नव्हे, प्रेक्षकांचाही नव्हे. ज्याला तो मिळाला त्यानें मोठेपणीं त्याचा विनियोग आपल्या बुद्धीनें ठरवावा, आणि तोंपर्यंत वडील माणसांनीं तो विश्वस्ताप्रमाणें सांभाळावा.

हल्लीं दूरचित्रवाणीवर बालगायकांच्या स्पर्धा रंगतात, आणि सात-आठ वर्षांचीं मुलें मोठ्या माणसांचीं गाणीं मोठ्या माणसांच्या पट्टींत गातात. त्यांत गुणी मुलें आहेत यांत शंका नाहीं. आमच्या गांवांतही तशीं आहेत, आणि त्यांचा आम्हांस अभिमान आहे. त्यांच्या आईबापांस व गायनशिक्षकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलाचा गळा बसला असेल त्या दिवशीं कार्यक्रम कितीही मोठा असो, त्याला गप्प बसूं द्या. त्याच्या गाण्याचा पैसा आलाच तर तो त्याच्या नांवें ठेवा. आणि आठवड्यांतून एकदां तरी, कोणी ऐकत नसतांना, त्याला खिडकींत बसून स्वतःसाठीं गाऊं द्या.